बापू कुटी दरवर्षी नवी होते

घरकुलाच्या यादीसाठी गावात पाहणी होते तेव्हा सगळा खेळ दोन शब्दांवर असतो, कच्चं घर की पक्कं घर. भिंत मातीची, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, म्हणजे कच्चं. या मापानं सेवाग्रामची बापू कुटी कच्चं घर ठरते. 'भारत छोडो'च्या आधीची कितीतरी खलबतं जिथं झाली, ते घर आज पाहणीत सापडलं तर घरकुलाच्या यादीत पहिल्या दहात लागेल.

कुटीवर लिहिणारे बहुतेक जण साधेपणापाशी थांबतात. चटई, बुटकं मेज, खडावा, तीन माकडं, झाला लेख. मातीच्या घराची सवय असलेल्या माणसाला तिथं आधी काम दिसतं. दगडाचं स्मारक एकदा बांधलं की पिढ्यान् पिढ्या उभं राहतं. मातीच्या घराला मृगाच्या आधी हात लागला नाही तर तीन-चार पावसाळ्यांत ते खाली बसतं. कुटीच्या भिंतीवर आज जो हात फिरलेला दिसतो तो गांधीजींच्या काळातला नव्हे. वरचा लेप, सारवण, कवेलू हे सगळं कितीदा तरी बदललंय. तरीही ती बापू कुटीच आहे, कारण तिथं टिकवायची होती ती रीत, आणि रीत हात लावल्याशिवाय टिकत नाही.

आधी इतिहास थोडक्यात. १२ मार्च १९३० ला साबरमती आश्रम सोडताना स्वराज्य मिळाल्याशिवाय इथं राहायला परतायचं नाही असं गांधीजींनी ठरवलं होतं. मधली वर्षं तुरुंगात आणि दौऱ्यांत गेली. १९३४ मध्ये वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून त्यांनी मुक्काम वर्ध्याला हलवला. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्यातल्या मगनवाडीत घाण्याच्या तेलापासून हातकागदापर्यंतचे प्रयोग मांडले. पण वर्धा म्हणजे शहर, आणि गांधीजींना राहायचं होतं खेड्यात. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन आधी सिंदी गावात सफाईच्या मागे लागल्या होत्या, तिथून त्या सेगावला आल्या. सेगावात जमनालालजींची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी होती. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथं पोचले. वर्ध्याचा एप्रिल सरताना ऊन काय असतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

सेगाव तेव्हा मलेरियाचं गाव होतं. रस्ता धड नाही, आणि टपाल चुकीच्या ठिकाणी जाई. शेगाव म्हटलं की तेव्हाही गजानन महाराजांचं शेगाव, बुलढाणा जिल्ह्यातलं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं. सेगाव आणि शेगाव यांत पत्रं इतकी घोटाळायची की १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम करण्यात आलं. आज शाळेच्या पुस्तकात नावामागे सेवेचा अर्थ सांगतात. तो खरा आहे, पण टपाल खात्याचा वाटाही विसरू नये.

पहिलं घर बांधलं ते आदि निवास. आश्रमात सांगतात त्याप्रमाणे गांधीजींची अट होती की पाचशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, सामान आणि माणसं इथलीच. आदि निवासात सुरुवातीला सगळेच राहत होते. पाहुणे, कार्यकर्ते, आजारी, आणि खान अब्दुल गफार खानांसारखे मोठे लोकही त्याच छपराखाली. गर्दी वाढली तेव्हा गांधीजी शेजारच्या कुटीत राहायला गेले. ती कुटी मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती. आपण जिला बापू कुटी म्हणतो ती हीच. म्हणजे देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध मातीच्या घराची आखणी एका इंग्रज बाईनं केली, आणि ती इथल्या गवंडी-सुतारांकडे, गावातल्या बायांकडे बघत बघत केली.

प्रतीकांचं म्हणाल तर इथं जपून बोलावं लागतं. पडवीचं छप्पर खाली उतरलंय ते नम्रतेसाठी, माणूस वाकून आत यावा म्हणून, असं सांगणारे भेटतात. ऐकायला छान आहे. पण आपल्याकडच्या कुठल्याही कुडाच्या, म्हणजे बांबू-काड्यांवर माती लिंपलेल्या घराचं छप्पर खालीच असतं. जूनमधला पहिला पाऊस सरळ पडत नाही, वादळासोबत तिरपा येतो. वळचण जितकी खाली आणि बाहेर, तितकी भिंत कोरडी. भिंतीपुढे किमान दीड-दोन हात छप्पर आलं नाही तर एका पावसाळ्यात गिलावा धुऊन आतल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या उघड्या पडतात. माणूस वाकतो तो पावसामुळे. नम्रतेचा अर्थ नंतर चिकटला, आणि चिकटला तर चिकटू द्या.

कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाची चित्रं केली आहेत. चरखा, ओम, मोर, शिंदी-ताडासारखी झाडं. इकडे दिवाळीला बाया भिंतीवर बोटांनी जे काढतात त्याच जातीचं हे काम. ते करायची रीत अशी. भिंत ओली करायची, काडीनं खरवडायची, बारीक चाळलेल्या मातीच्या वळ्या त्यावर दाबायच्या आणि ओल्या बोटानं कडा भिंतीत मिसळवायच्या. खरवडलं नाही तर वळी वाळून अखंड निघून हातात येते. अशा चित्राचा खरा शत्रू पाऊस नव्हे, सारवणारा हात. दर लेपाला नखभर जाडी वाढते, खोलगट जागा भरत जातात, मोराची मान जाड होते, चरख्याच्या आऱ्या बुजतात. म्हणून उठावाच्या भिंतीला शेणाचा जाड हात कधीच द्यायचा नाही. पातळ मातीच्या पाण्यात फडकं बुडवून हलका पोतारा, तोही चित्राच्या कडेकडेनं. काही वर्षांनी कडा पुन्हा कोरून घ्याव्या लागतात. कोरणाऱ्याला मूळ आकार पाठ नसेल तर मोराची कोंबडी व्हायला वेळ लागत नाही.

आश्रमात आणखी दोन वस्तू बघण्यासारख्या आहेत. एक टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलायची गरज पडे म्हणून तो या आडगावात आला. दुसरी, साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. मातीची भिंत, कवेलू, उंदीर म्हटलं की साप आलाच. तो मारायचा नाही, पकडून लांब सोडून यायचा. अहिंसा शब्दावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी तो चिमटा बघावा, किती लांब दांड्याचा आहे तो. भीती होती, आणि तिचा हिशेब करून दांडा लांब ठेवला होता.

१९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून गेले आणि तिच्यावर बोलले. त्यांनी या छोट्याशा घरात सात वेगवेगळ्या जागा मोजल्या. वहाणा काढायची, मधली मोठी, बसून काम करायची, पाहुण्यांची, आजाऱ्याची, मोकळी पडवी आणि न्हाणी. आपल्याकडच्या जुन्या घरात राहिलेल्या कोणालाही ही मोजणी नवीन नाही. आजच्या घरकुलात मात्र यांतल्या किती उरतात ते मोजून बघा.

आता मुद्द्याचं. असं घर बांधतात कसं आणि बिघडतं कुठं.

पहिली चूक पायातच होते. वर्ध्याच्या आसपास वर काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत अख्खा पंजा जातो, मग तिच्यावर टेकलेली भिंत सरळ कशी राहणार? काळी माती पूर्ण उपसून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, दगडाचं जोतं उभारायचं, आत मुरूम भरून पाणी मारून धुमसानं चोपायचा. जोतं जमिनीच्या वर किमान दीड हात हवं. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही असं म्हणतात, पण मातीच्या भिंतीत ते खरोखर वर चढतं. जोत्याशी पाणी साचलं की भिंत ते दिव्याच्या वातीसारखं ओढून घेते, आणि हात-दीड हात उंचीवर पांढरट पट्टा दिसायला लागतो. तो लोणा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि मीठ आतून भिंतीचं पीठ करतं.

कुडासाठी खांब सागाचे, आडवे बांबू हात-हात अंतरावर, आणि त्यांत उभ्या तुराट्या अंबाडीच्या सुतळीनं बांधलेल्या. तुराटीच घ्या, पऱ्हाटी नको. कपाशीचं झाड फांदीदार आणि गाठाळ असतं, भिंत सपाट येत नाही, आणि गाठीपाशी गिलावा पातळ राहून तिथंच फुटतो. शिवाय वाळल्या पऱ्हाटीत बोंडअळी दडून राहते, ती गावात साठवणं शेतालाही बरं नाही.

बांबू तीन वर्षांच्या वरचा, आणि हिवाळ्यात तोडलेला. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ गोडवा भरलेला असतो, त्यावर भुंगा तुटून पडतो. जुने लोक अंधाऱ्या पाखात तोड म्हणतात. चंद्राचं काय ते असो, हिवाळा मात्र चुकवू नका. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवला की तो गोडवा निघून जातो. बांबू पोखरला जातोय हे ओळखायला छपरावर चढायची गरज नाही. सकाळी झाडलेल्या जमिनीवर दुपारी पिवळसर पिठाची बारीकशी ढिगुळी दिसली की बरोबर तिच्या वर मान करा.

गिलावा हा या सगळ्याचा जीव. इथली जुनी माणसं शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, ते उगाच नाही. गिलाव्याला माती पांढरीतली लागते. पडलेल्या जुन्या भिंतीची माती मिळाली तर सोनं, ती एकदा मुरलेली असते. फक्त तळाचे दोन फूट सोडून घ्या, लोणा त्याच भागात असतो आणि मातीसोबत तो नव्या भिंतीत येतो.

माती चालेल की नाही हे हातानं कळतं. भिजवून करंगळीएवढी जाड वळी करा, वीतभर लांब. तळहाताच्या काठावरून ती हळूहळू पुढे सरकवत हवेत लोंबू द्या. दोन इंचांच्या आत तुटली तर चिकण कमी, ही माती भिंत धरणार नाही. सहा इंच लोंबूनही तुटत नसेल तर चिकण जास्त, वाळताना फाटेल, रेती मिसळा. मधे कुठंतरी तुटली की बरोबर.

चार घमेली मातीला एक ते दीड घमेलं कुटार, म्हणजे भुसा, आणि अर्धं घमेलं ताजं शेण. गव्हाचं कुटार उत्तम. सोयाबीनचं खरखरीत असतं, त्याच्या काड्या वर डोकावतात. हा गारा कालवून आठ-दहा दिवस मुरू द्यायचा, दिवसाआड पायानं तुडवायचा, पाणी सुटू द्यायचं नाही. चार दिवसांनी वास सुटतो, आठव्या दिवशी तो नाकात बसतो, आणि गारा बोटांना लोण्यासारखा लागतो. तो वास आला नाही तर गारा तयार नाही. कुटार कुजून जो चिकटपणा सुटतो तोच पुढे पाण्याला अडवतो. घाईत आज कालवून आज लावलेला गिलावा दिसायला तसाच दिसतो. फरक ऑगस्टमध्ये कळतो.

पहिला थर दोन माणसांनी एकाच वेळी लावायचा, एक आतून, एक बाहेरून, समोरासमोर. दोन्हीकडचा गारा तुराट्यांच्या फटीत एकमेकाला भेटला पाहिजे. एकाच बाजूनं लावला तर पकड राहत नाही, वाळला की सालीसारखा सुटतो. जाडी दोन बोटं. या थराला भेगा पडणारच, त्या बुजवत बसू नका, दुसरा थर त्यांतच पाय रोवतो. पहिला पूर्ण वाळायला आठेक दिवस लागतात. मग पाणी शिंपडून दुसरा, बोटभर जाडीचा, रेती थोडी जास्त. शेवटी चाळलेली माती आणि शेण समसमान, हातानं घोटून. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की आत फुगा धरतो. बोटाच्या पेरानं भिंत ठोकत जा, ढबढब आवाज आला तिथं थर सुटलेला आहे, तेवढा चौकोन कापून पुन्हा करा. आणि हे काम भर मे महिन्यातल्या दुपारी करू नका. वरची साल तासाभरात वाळते, आत ओल तशीच, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवर कोळ्याचं जाळं उमटतं. फाल्गुन-चैत्रातली सकाळ बरी.

छपराचा उतार दोन हातांना एक हात, त्याहून कमी नको. कमी पडला तर वाऱ्याच्या दाबानं पाणी उलटं कवेलूखाली शिरतं. कुंभाराचा देशी कवेलू एक उताणा, एक पालथा असा बसतो, खालच्यावर वरचा चार बोटं चढलेला. ही चार बोटं वर्षभरात दोन होतात. कारण वांदरं. विदर्भात कवेलूच्या घराचा पहिला शत्रू पाऊस नसून वांदर आहे. टोळी एकदा झाडावरून छपरावर उतरली की निम्मी ओळ सरकते आणि काही कवेलू मधोमध तडकतात. तडकलेला जागेवरच राहतो, खालून दिसत नाही, पहिल्या पावसात गळतो तेव्हा कळतं. म्हणून दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायचे. एका टोकापासून ओळ उतरवायची, प्रत्येक कवेलू बोटानं वाजवायचा, खणखण वाजला तो ठेवायचा, ठसठस वाजला तो बाजूला. शेकड्याला दहा जास्तीचे आणून ठेवा. नालीतला पाला काढा, खालच्या बांबूच्या कमच्या बघा, आणि ओळ पुन्हा लावा. वर चढताना वाशाच्या रेषेवर पाय, अनवाणी, शक्यतो आडवी शिडी टाकून. चपला घालून चढलेला माणूस वांदरापेक्षा जास्त कवेलू फोडतो.

पाल्याचं आणखी एक. आश्रमाच्या आवारात गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांचा बकुळ आहे. झाडाखालचं घर थंड राहतं, पण पानगळीचा पाला कवेलूच्या नालीत बसतो आणि पाणी तुंबून आडवं जातं. शिवाय पाखरं पिंपळाचं बी भिंतीत टाकतात. अंगणातल्या पिंपळाला नमस्कार करायचा आणि भिंतीतलं त्याचंच पिल्लू दोन पानांचं असताना मुळासकट उपटायचं. चार पानांचं झालं की वरून तुटतं, मूळ आत राहतं.

जमीन सारवणं कुणी शिकवत नाही, बघूनच येतं, म्हणूनच ते लवकर हरवतंय. शेण ताजं, त्याच दिवशीचं, काड्या वेचून काढलेलं. एका भागाला एक भाग चाळलेली माती, आणि ताकाहून दाट होईल इतकं पाणी. शेण जास्त झालं तर वाळून पापुद्रे निघतात, माती जास्त झाली तर पायाला धूळ लागते. आधी जमिनीवर पाणी शिंपायचं. मग लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात, उकिडवं बसून मागे मागे दाराकडे. हात डावीकडून उजवीकडे अर्धगोल फिरतो, दुसरा अर्धगोल पहिल्यावर चार बोटं चढतो. म्हातारी बाई शेजारी बसलेली असली की एकच गोष्ट बजावते, "हात उचलू नोको वं, माय." मधे हात उचलला की तिथं थेंबाची गाठ राहते आणि पहिला पापुद्रा तिथूनच सुटतो. चांगल्या सारवणाचे अर्धगोल तिरप्या उन्हात नांगरलेल्या शेतासारखे एकामागे एक दिसतात. वर्दळीच्या जागी आठवड्याला, बाकी पंधरवड्याला. जिथं रोज शेकडो पायांची ये-जा असते तिथं हिशेब आणखी कडक.

उदईबद्दल, म्हणजे वाळवीबद्दल, एक गोष्ट पक्क्या घरातल्या माणसाला कळत नाही. चुन्याच्या भिंतीवर उदईची मातीची वाट लांबून दिसते. मातीच्या भिंतीवर ती दिसतच नाही, रंग एकच. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही, कंदील किंवा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा, म्हणजे नळीची सावली पडते. खांबाचा पाय मातीत गाडायचा नाही, दगडावर टेकवायचा. पावसाळा संपताना जोत्याभोवती फिरून प्रत्येक खांब काठीनं ठोकायचा. गावात खांबाला जळकं ऑइल चोपडतात. उदईला ते अडवतं, पण त्यावर गिलावा बसत नाही आणि डाग कायमचा राहतो. जतन करायच्या घरात ते चालत नाही.

सगळ्यात मोठा घात सिमेंट करतं, आणि तो प्रेमापोटी होतो. दरवर्षीची कटकट नको म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारलेली घरं गावोगावी आहेत. दोन वर्षं भिंत देखणी दिसते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट सोडू देत नाही. खालून चढलेली ओल आत अडकते, माती चिखल होते, आणि एक दिवस सिमेंटचा अख्खा पत्रा भिंतीची साल घेऊन खाली येतो. आत बघावं तर तळाशी भिंतच उरलेली नसते. मातीला दुरुस्ती मातीचीच. वास्तुविशारद लॉरी बेकर सांगत की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे त्यांनी गांधीजींकडून ऐकलं होतं. त्यात खर्चाची काटकसर आहे, तशी दुरुस्तीची सोयही आहे. जे सामान पाच मैलांत मिळतं तेच पुढच्या वर्षीही हाताशी असतं.

निदान तेव्हा होतं. आता सेवाग्रामपासून पाच मैलांत काय मिळतं ते बघा. घरोघरी बैलजोडी होती तेव्हा शेण मागायला लागत नव्हतं. ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले. हार्वेस्टरनं काढलेल्या गव्हाचं आणि सोयाबीनचं कुटार शेतातच उधळून जातं. देशी कवेलू घडवणारा कुंभार गावात शोधावा लागतो, कारण घरकुलाला स्लॅब लागतो आणि गोठ्याला टिनाचा पत्रा. सारवणारा हात पन्नाशीच्या पुढचा आहे. गांधीजींच्या पाचशे रुपयांच्या अटीत जे सामान सगळ्यात स्वस्त होतं तेच आज मिळवायला सगळ्यात अवघड झालंय. बापू कुटीपुढचा खरा प्रश्न हा आहे. संग्रहालयातल्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवता येतात. फेरायचे कवेलू आणि सारवायची जमीन कपाटात मावत नाही, त्यासाठी आजूबाजूला जिवंत गाव लागतं, त्या गावात गाय लागते, आणि गाय ठेवायला परवडणारा शेतकरी लागतो.

आश्रमात आणखी घरं आहेत. बा कुटी, महादेव कुटी, किशोर निवास, आणि कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची कुटी, जिथं गांधीजी स्वतः त्यांची मालीश करायचे. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव वर्ध्यात केला, तो पुढे ८ ऑगस्टला मुंबईत मंजूर झाला. शेवटचं घर आखरी निवास. २५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी तिथून दिल्लीला निघाले, पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता. फेब्रुवारी १९४८ च्या सुरुवातीला ते सेवाग्रामला यायचे होते. मार्चमध्ये नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा, मौलाना आझाद सगळे सेवाग्रामला जमले, तोवर गांधीजी नव्हते.

बघायला जायचं तर बहुतेक जण हिवाळ्यात जातात. मेच्या शेवटच्या आठवड्यात जा, कवेलू फेरायच्या दिवसांत. नाहीतर जुलैत, दोन पाऊस झाल्यावर. आत वहाणा काढून जायचंच आहे, पण आत शिरण्याआधी पडवीच्या कडेला खाली बघा. वळचणीतून पडणाऱ्या थेंबांनी मुरमात खळग्यांची एक ओळ पाडलेली असते. ती भिंतीपासून दीड-दोन हातांवर आणि दोरी धरल्यासारखी सरळ असली तर वरचं छप्पर जागेवर आहे. एखाद्या ठिकाणी ओळ भिंतीकडे वळलेली दिसली तर तिथला कवेलू घसरलाय, कामावरच्या माणसाला तेवढं सांगून या.